मुंबई शहर उत्तर: नकाशावरून पुसलेल्या लोकसभा मतदारसंघाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला आणि लोकसभेच्या प्रत्येक निवडणुकीत एक प्रश्न फिरायला लागतो: १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत बाबासाहेबांना मुंबईत पाडलं कुणी? उत्तरंही ठरलेली असतात. कुणी काँग्रेसकडे बोट दाखवतं, कुणी कम्युनिस्ट नेते डांगे यांच्याकडे. ज्या मतदारसंघात हे घडलं त्याची रचना मात्र फारशी कुणी बघत नाही, आणि ती न बघता त्या निकालाचे आकडे वाचले तर ते चुकीचेच वाचले जातात. म्हणून ही प्रश्नोत्तरं, एकाच जागी.

हा मतदारसंघ कधीपासून कधीपर्यंत होता?

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून, म्हणजे १९५२ पासून. १९५७ आणि १९६२ च्या निवडणुकाही ‘मुंबई शहर उत्तर’ याच नावाने झाल्या. १९६७ साली नवी फेररचना लागू झाली आणि मतदारसंघांच्या नावांतला ‘शहर’ हा शब्द गेला. तीन निवडणुका, जेमतेम पंधरा वर्षांचं आयुष्य.

म्हणजे आजचा ‘उत्तर मुंबई’ तोच का?

नाही. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. १९५२ सालचं ‘मुंबई शहर उत्तर’ आणि १९५७ सालचं ‘मुंबई शहर उत्तर’ हेसुद्धा एक नव्हेत.

१९५२ मध्ये मुंबई शहर म्हणजे लोकांच्या लेखी माहीम-शीवपर्यंतचं बेट. त्याच्या दक्षिण भागाला ‘मुंबई शहर दक्षिण’ आणि उत्तर भागाला ‘मुंबई शहर उत्तर’ अशी नावं पडली. उत्तर म्हणजे लालबाग, परळ, नायगाव, वरळी. गिरण्या आणि चाळींचा पट्टा. उपनगरांचा ‘मुंबई उपनगर’ हा मतदारसंघ वेगळा होता, तिथून जयश्री रायजी निवडून आल्या. दक्षिणेतून स. का. पाटील.

१९५७ ला आखणी बदलली. गिरणगाव ‘मुंबई शहर मध्य’ या नव्या नावाखाली गेलं आणि ‘उत्तर’ हे नाव सरकून उपनगरांवर जाऊन बसलं. आंबेडकर आणि पुढे संरक्षणमंत्री झालेले कृष्ण मेनन एकाच मतदारसंघातून लढले असं जेव्हा कुणी लिहितं तेव्हा पाटी एकच असते, खालची वस्ती निराळी असते.

एका मतदारसंघातून दोन खासदार कसे काय?

१९५२ मध्ये लोकसभेच्या ४८९ जागा होत्या, पण मतदारसंघ फक्त ४०१. त्यातले ८६ दुहेरी होते आणि उत्तर बंगालमधला एक तर तिहेरी. अनुसूचित जातींसाठी अख्खा मतदारसंघ राखून ठेवण्याऐवजी मोठा मतदारसंघ आखायचा, त्यातून दोघांना निवडायचं आणि त्यातली एक जागा राखीव ठेवायची, अशी ती पद्धत. बहुतेक दुहेरी मतदारसंघ याच कारणाने दुहेरी होते. मुंबई शहर उत्तर हा त्यांतलाच.

प्रत्येक मतदाराला दोन मतं असत. ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची. दोन्ही एकालाच देता येत नसत. मोजणीत आधी राखीव जागा भरायची: अनुसूचित जातींच्या उमेदवारांमध्ये ज्याला सर्वाधिक मतं, तो निवडून आला. मग उरलेल्या सगळ्यांत, जात न बघता, ज्याला सर्वाधिक मतं तो दुसरा.

१९५२ मध्ये कोण कोण उभं होतं आणि कुणाला किती मतं पडली?

काँग्रेसची जोडी: सर्वसाधारण जागेसाठी विठ्ठल बाळकृष्ण गांधी, राखीव जागेसाठी नारायण सदोबा काजरोळकर. समोर समाजवादी पक्ष आणि बाबासाहेबांचं शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन यांची युती: सर्वसाधारणसाठी अशोक मेहता, राखीवसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कम्युनिस्टांकडून श्रीपाद अमृत डांगे. शिवाय डॉ. गोपाळराव देशमुख आणि आणखी काही जण.

मतं अशी पडली: गांधी १,४९,१३८, मेहता १,३९,७४१, काजरोळकर १,३८,१३७, आंबेडकर १,२३,५७६, डांगे ९६,७५५. बाकीचे बरेच मागे.

गांधी आणि काजरोळकर निवडून आले. बाबासाहेब १४,५६१ मतांनी पडले.

बाबासाहेब चौथ्या क्रमांकावर गेले, हे खरं का?

आकड्यांच्या यादीत चौथे, हे खरं. पण दुहेरी मतदारसंघात असा क्रमांक लावण्यात अर्थ नसतो. त्यांची लढत राखीव जागेसाठी काजरोळकरांशी होती आणि त्यात ते दुसरे आले. वरची यादी पुन्हा पाहा: अशोक मेहतांना काजरोळकरांपेक्षा जास्त मतं आहेत, तरी मेहता पडले आणि काजरोळकर जिंकले. ‘चौथे आले’ म्हणून हिणवणाऱ्यांना हा प्रकार समजावून सांगायला लावावा.

‘मतं कुजवणं’ म्हणजे नेमकं काय?

त्या वेळी मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं नसत आणि शिक्काही मारायचा नसे. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पोलादी पेटी ठेवलेली असे, पेटीवर निवडणूक चिन्ह. मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, झालं मतदान. (त्या निवडणुकीसाठी अशा लाखो पेट्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात बनल्या. आज त्याच विक्रोळीतल्या नव्या मतदाराला पेटीत मत टाकणं म्हणजे काय हे दाखवायला संग्रहालयात न्यावं लागेल.)

दुहेरी मतदारसंघात हातात दोन मतपत्रिका पडत. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या की मोजणीत एक धरली जाई, दुसरी बाद. आपल्या उमेदवाराला त्यातून जादा काही मिळत नसे. पण दुसरं मत प्रतिस्पर्ध्याच्या पदरातही पडत नसे. मुद्दाम असं करणं, म्हणजे मत कुजवणं.

कम्युनिस्टांनी तेव्हा आपल्या मतदारांना दोन्ही मतपत्रिका डांग्यांच्याच पेटीत टाकायला सांगितलं, असा आरोप झाला. समाजवाद्यांशी त्यांचं हाडवैर होतं, आणि आंबेडकर त्यांच्याशीच हातमिळवणी करून उभे होते. गिरणगावात डांग्यांचा शब्द चालत असे, हेही विसरू नये.

मग डांग्यांमुळेच बाबासाहेब पडले, असं म्हणायचं का?

बाद झालेल्या मतांचा आकडा ७४ हजारांच्या घरात होता आणि बाबासाहेब पडले साडेचौदा हजारांनी. हे दोन आकडे शेजारी ठेवले की उत्तर सोपं वाटतं. तितकं ते नाही. कुजलेलं मत कुजलं नसतं तर कुणाकडे गेलं असतं हे मतपत्रिकेवर लिहिलेलं नसतं. डांग्यांच्या मतदारांपैकी काहींनी दुसरं मत मेहतांना दिलं असतं, काहींनी बाबासाहेबांना, काहींनी काँग्रेसलाही. आणि बाद झालेली सगळीच मतं डांग्यांच्या पेटीतली असतील असंही गृहीत धरता येत नाही. कुजवाकुजवीने बाबासाहेबांचं नुकसान झालं याबद्दल मला शंका नाही. ते एकमेव कारण होतं का, याबद्दल आहे.

माझं लक्ष दुसऱ्याच आकड्यावर अडकतं. मेहता आणि आंबेडकर जोडीने उभे होते, एकमेकांसाठी मतं मागत होते. मेहतांना आंबेडकरांपेक्षा १६,१६५ मतं जास्त मिळाली. ज्याने पहिलं मत मेहतांच्या पेटीत टाकलं, त्याने दुसरं हत्तीच्या, म्हणजे फेडरेशनच्या चिन्हाच्या, पेटीत टाकायला हवं होतं. निदान सोळा हजार जणांनी ते टाकलं नाही. बाबासाहेब पडले त्या फरकापेक्षा हा आकडा मोठा आहे.

काँग्रेसकडेही तेच दिसतं. गांधींपेक्षा काजरोळकरांना ११,००१ मतं कमी. दोन्ही जोड्यांमध्ये राखीव जागेचा उमेदवार मागे. यामागे जात होती असं मी समजतो. पेटीतून मतपत्रिका निघते, मतदाराचं मन निघत नाही, त्यामुळे हे माझं अनुमानच आहे. पण डांग्यांच्या नावाने ओरडण्यात जितकी शाई खर्च झाली, तिच्या दहाव्या हिश्शाइतकीही या सोळा हजारांवर झालेली नाही. दोष बाहेरच्यावर टाकणं सोपं जातं. मित्रपक्षाच्या मतदाराकडे बघणं अवघड.

शिवाय नेहरूंची त्या वेळची लोकप्रियता आणि स. का. पाटलांनी बांधलेली मुंबई काँग्रेसची यंत्रणा हे दोन्ही जमेला धरायलाच हवं. तसे त्या निवडणुकीत देशभर मोठमोठे पडले.

हे प्रकरण न्यायालयात गेलं होतं ना?

निवडणूक न्यायाधिकरणापुढे गेलं. आंबेडकर आणि मेहता या दोघांनी मिळून अर्ज केला, मतं वाया घालवण्याचा प्रचार हा गैरप्रकार आहे असं त्यांचं म्हणणं होतं. अर्ज फेटाळला गेला.

काजरोळकर कोण होते?

‘बाबासाहेबांना हरवणारा माणूस’ एवढीच त्यांची ओळख उरली आहे, आणि व्हॉट्सॲपवर त्यांच्याविषयी वाट्टेल त्या दंतकथा फिरतात. ते मुंबईतले जुने काँग्रेस कार्यकर्ते. १९५३ साली काका कालेलकरांच्या अध्यक्षतेखाली पहिला मागासवर्ग आयोग नेमला गेला, त्याचे ते सदस्य होते. १९६२ मध्ये ‘मुंबई शहर मध्य उत्तर’मधून पुन्हा लोकसभेवर गेले. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

पराभवानंतर बाबासाहेब संसदेत गेले की नाही?

गेले, १९५२ मध्येच मुंबई राज्यातून राज्यसभेवर. लोकसभेसाठी त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला: १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक. तोही दुहेरी मतदारसंघ, आणि जोडीदार पुन्हा अशोक मेहता. या वेळी मेहता निवडून आले आणि बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पडले. दोन मतदारसंघ, दोन वर्षं, तीच जोडी आणि दोन्ही वेळा मागे राहिलेला माणूस तोच.

भंडाऱ्यात फेडरेशनच्या कार्यकर्त्यांनी दुसरं मत कुजवायची परवानगी मागितली आणि बाबासाहेबांनी ती साफ नाकारली, असं विदर्भातले जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत.

१९५७ मध्ये गिरणगावात काय झालं?

पाच वर्षांत चित्र पालटलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने सगळी गणितं मोडली. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे सगळे एका मांडवाखाली आले. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले, निवडणूक त्यानंतर काही महिन्यांतच.

‘मुंबई शहर मध्य’ हाही दुहेरीच होता. समितीने सर्वसाधारण जागेवर डांग्यांना उभं केलं आणि राखीव जागेवर फेडरेशनच्या गोपाळ काळुजी माने यांना. दोघेही निवडून आले. पद्धत तीच, पेट्या तशाच, चाळीही त्याच. पाच वर्षांपूर्वी डांग्यांच्या मतदाराने दुसरं मत वाया घालवल्याची तक्रार फेडरेशन करत होतं; आता तोच मतदार दुसरं मत फेडरेशनच्या पेटीत टाकत होता. आकडेवारी बाजूला ठेवली तर मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत रंजक भाग वाटतो आणि त्याची आठवण कुणी काढत नाही, बहुधा कुणाच्याच आजच्या भांडणात तो उपयोगी पडत नाही म्हणून.

दुहेरी मतदारसंघ बंद का झाले?

अवाढव्य आकार, दुप्पट खर्च आणि मतदारांचा गोंधळ ही कारणं होतीच. पण ठिणगी पडली आंध्र प्रदेशातल्या पार्वतीपुरममध्ये. १९५७ ला तिथे व्ही. व्ही. गिरी, पुढे राष्ट्रपती झाले तेच, सर्वसाधारण जागेसाठी उभे होते. राखीव जागा अनुसूचित जमातीच्या एका उमेदवाराला मिळाली आणि उरलेल्यांत सर्वाधिक मतं दुसऱ्या आदिवासी उमेदवाराला पडल्याने दुसरी जागाही त्यालाच गेली. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५९ मध्ये तिथेही हरले. निकाल कायद्याला धरून होता. वरच्या उत्तरात सांगितलेला नियम तोच सांगतो. तरी पुढच्या दोन वर्षांत, १९६१ साली, कायदा करून दुहेरी मतदारसंघ मोडीत काढले गेले. राखीव जागेच्या उमेदवाराने सर्वसाधारण जागा जिंकली की लगेच पद्धतच बदलावीशी वाटते, यावर ज्याने त्याने विचार करावा.

मुंबईत त्यामुळे ‘मध्य’चे दोन तुकडे झाले: ‘मध्य उत्तर’ आणि ‘मध्य दक्षिण’. १९६२ ला दक्षिणेच्या तुकड्यात विठ्ठल गांधींनी डांग्यांना पाडलं.

केरळचे कृष्ण मेनन मुंबईतून कसे उभे राहिले?

१९५७ च्या जानेवारीत काश्मीर प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत त्यांनी जवळपास आठ तास भाषण केलं होतं. देशभर नाव गाजत होतं, आणि काँग्रेसला मुंबईत समितीच्या लाटेतून निदान एखादी जागा वाचवायची होती. नव्या ‘उत्तर’मध्ये, म्हणजे उपनगरांत, वस्ती मिश्र होती, गिरणगावाइतका जोर समितीला तिथे नव्हता. समोर प्रजा समाजवादी पक्षाचे पीटर अल्वारिस होते, गोवा मुक्तीच्या लढ्यातले नेते. मेनन जिंकले आणि संरक्षणमंत्री झाले. अल्वारिस पुढे गोवा मुक्त झाल्यावर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षातर्फे पणजीतून लोकसभेत पोचले.

१९६२ ची लढत इतकी का गाजली?

कारण विरोधकांनी मेननना पाडण्यासाठी आचार्य कृपलानींना बिहारमधली सीतामढीची जागा सोडून मुंबईत आणलं. कृपलानी म्हणजे स्वातंत्र्याच्या वेळचे काँग्रेस अध्यक्ष. अपक्ष उभे राहिले. मागे प्रजा समाजवादी, जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष. चीन सीमेवर पुढे सरकत होता आणि संरक्षणमंत्री झोपले आहेत असा प्रचाराचा रोख होता. कृपलानींच्या बाजूने दिली जाणारी हिंदी घोषणाही तशीच: ‘चीनी हमला होते हैं, मेनन साहब सोते हैं, सोना है तो सोने दो, कृपलानीजी को आने दो’.

दुसरीकडे नेहरू स्वतः प्रचाराला उतरले आणि मेननविरुद्ध मत म्हणजे माझ्याविरुद्ध मत, असा सूर लावला. त्यांच्या सांगण्यावरून दिलीपकुमारही मेननसाठी फिरले. आणि दोनच महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९६१ मध्ये, भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला होता. निवडणूक डोळ्यांपुढे ठेवून ती वेळ साधली गेली असा आरोप विरोधक करत राहिले. उपनगरांतल्या गोवेकरांच्या घरांत या विषयावर एकमत असणं शक्यच नव्हतं.

मेनन सुमारे १ लाख ४५ हजार मतांनी जिंकले. आठ महिन्यांत चीनने हल्ला केला आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये मेनन मंत्रिमंडळाबाहेर पडले. कृपलानी १९६३ ला अमरोह्याच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत परतले आणि त्याच वर्षी नेहरू सरकारविरुद्धचा पहिला अविश्वास ठराव त्यांनी मांडला.

मेनन शिवसेनेमुळे पडले, असं ऐकलंय. ते याच मतदारसंघात का?

तो ‘ईशान्य मुंबई’, १९६७ साली. तोवर ‘मुंबई शहर उत्तर’ उरलं नव्हतं, त्याचा भाग नव्या मतदारसंघांत वाटला गेला होता. काँग्रेसने बाहेरचा उमेदवार म्हणून मेननना तिकीट नाकारलं. ते अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या स. गो. बर्व्यांकडून सुमारे तेरा हजार मतांनी हरले. बर्वे म्हणजे पानशेतच्या पुरानंतर पुणं सावरणारे सनदी अधिकारी. नुकत्याच जन्मलेल्या शिवसेनेने दाक्षिणात्यांविरुद्धच्या मोहिमेत मेननना लक्ष्य केलं, हे खरं. पण बर्वे स्वतः तगडे उमेदवार होते, हेही खरं. निकालानंतर काही दिवसांतच बर्वे वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेननना पुन्हा हरवलं. मेनन त्यानंतर १९६९ मध्ये मिदनापूरमधून आणि १९७१ मध्ये त्रिवेंद्रममधून निवडून आले.

१९५२ चा भाग आज कुठल्या मतदारसंघांत येतो?

मुख्यतः दक्षिण मुंबई आणि दक्षिण मध्य मुंबई. वरळी आणि शिवडी दक्षिणेत, वडाळा, माहीम, शीव दक्षिण मध्यमध्ये. आजचा ‘उत्तर मुंबई’ बोरिवली-दहिसरकडचा आहे. १९५२ च्या गिरणगावाशी त्याचा काही संबंध नाही.

मूळ आकडे कुठे पाहता येतील, आणि पाहताना काय सांभाळायचं?

निवडणूक आयोगाने १९५१-५२ पासूनचे सांख्यिकी अहवाल संकेतस्थळावर ठेवले आहेत. त्यात मुंबई राज्याखाली ‘बॉम्बे सिटी नॉर्थ’ शोधावं. एकूण मतं ही मतदारांची संख्या समजू नका, प्रत्येकाला दोन मतं होती. टक्केवारीही त्याच कारणाने फसवी दिसते: दोन्ही विजेत्यांची टक्केवारी आजच्या मानाने अगदीच कमी वाटेल. आणि नावांची रोमन स्पेलिंगं जागोजागी बदलतात, काजरोळकरांची तर विशेष, त्यामुळे एका स्पेलिंगने नाव सापडलं नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारे शोधून बघा.